जुन्नरच्या गादीमागचा हबशी पेशवा

जुन्नर शहरातून पूर्वेकडे निघाले की थोड्याच अंतरावर हापूसबाग लागते. नाव ऐकून कोकणातील आंबा आठवतो. मात्र मूळ शब्द हबशीबाग होता आणि लोकांच्या तोंडी तो रुळत रुळत हापूसबाग झाला, असे जुन्नर परिसरात सांगतात. याच ठिकाणी सौदागर घुमट या नावाने ओळखली जाणारी दगडी कबर उभी आहे. हबशी म्हणजे आफ्रिकेतील अबिसीनियाचा माणूस, तर सौदागर म्हणजे व्यापारी. घाटमाथ्यालगतच्या एका कसब्यात हे दोन शब्द शेजारी नांदावेत, हा निव्वळ योगायोग नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभी ज्या माणसाने जुन्नरला राजधानी करून दिल्ली-आग्र्याच्या बादशाहीला आव्हान दिले, तो हबशी होता आणि एकेकाळी सौदागरांनी विकलेला व विकत घेतलेला माल होता. त्याचे नाव मलिक अंबर.

महाराष्ट्राला मलिक अंबर परिचित आहे तो प्रामुख्याने खडकी शहराचा संस्थापक म्हणून. पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालेल्या त्या शहरातील नहर-ए-अंबरी अद्याप त्याचे नाव सांगते. गनिमी काव्याचा आद्य पुरस्कर्ता ही त्याची दुसरी ओळख. खडकी वसण्यापूर्वीची त्याची जुन्नरमधील काही वर्षे मात्र इतिहासाच्या पुस्तकांत एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकली जातात. वास्तविक तो मोचा बंदरापासून जुन्नरपर्यंत कसा पोहोचला आणि जुन्नरमध्ये त्याने काय उभे केले, हे पाहिल्यावाचून त्या काळचे जग उमगत नाही.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास अबिसीनियात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या दक्षिण भागातील कंबाटा प्रदेशात झाला. त्याचे मूळ नाव चापू. तो प्रदेश तेव्हा युद्धांनी होरपळून निघालेला होता. डोंगराळ मुलुखातील ख्रिस्ती राज्य आणि किनाऱ्याकडील मुस्लिम सुलतान यांच्यातील संघर्षाने सोळाव्या शतकाचा पूर्वार्ध व्यापला होता. दक्षिणेकडून ओरोमो टोळ्या सरकत होत्या. अशा मुलुखात माणसे पकडली जातात आणि पकडलेल्या माणसांना गिऱ्हाईकही असते. चापू गुलामांच्या बाजारात आला आणि तांबड्या समुद्रावरील मोचा बंदरात ऐंशी गिल्डरांना विकला गेला. हा आकडा पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने नोंदवून ठेवला. त्या पिढीच्या हजारो मुलांची किंमत कोणी लिहून ठेवली नाही. याची लिहिली गेली ती तो पुढे मोठा झाला म्हणून.

मोचाहून तो बगदादला गेला. येमेन आणि बगदाद ही दोन्ही ठिकाणे त्या काळी इस्तंबूलच्या तुर्की सुलतानाच्या सत्तेखाली होती. बगदादमध्ये मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. त्याची चलाखी पाहून त्याला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव दिले. गुलामांना सुगंधी द्रव्यांची किंवा रत्नांची नावे देण्याची तेव्हा रीत होती. याकूत म्हणजे माणिक, मर्जान म्हणजे पोवळे आणि अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे मोलाचे सुगंधी द्रव्य. दुकानातील जिन्नस ठेवावेत तशी ही नावे होती. त्यातलेच एक पुढे मोगल दरबाराची झोप उडवणार होते.

१५७० नंतरच्या काही वर्षांत हा तरुण दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी होता, स्वतः पूर्वीचा गुलाम होता आणि त्याच्या पदरी हजारभर हबशी गुलाम होते. विकत घेणाराच एकेकाळी विकला गेलेला होता, ही गोष्ट आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. परंतु दख्खनच्या व्यवस्थेत तिला अर्थ होता. येथील दरबारांत दखनी आणि परदेशी, म्हणजे इराण-तुराणातून आलेले आफाकी, असे दोन गट सतत झगडत असत. ज्याला गोत नाही, जहागीर नाही, मालकाखेरीज कोणी वाली नाही, असा शस्त्रधारी माणूस सरदारांना हवा असे. गुलाम हा अशा दरबारात सर्वांत भरवशाचा शिपाई ठरत होता. मालक वारला की गुलाम बहुधा मोकळा होई आणि पोटासाठी तलवार गहाण टाकणारा स्वतंत्र शिपाई बने. हबशांची मुले येथेच जन्मत, येथील बायकांच्या पोटी वाढत आणि दखनी म्हणवून घेत. त्यामुळे गुलामीचा वारसा दुसऱ्या पिढीत क्वचितच उतरे आणि नव्या शिपायांसाठी पुन्हा समुद्रापलीकडे पाहावे लागे.

समुद्रापलीकडून माणसे येत, तर त्यांच्या मोबदल्यात येथून काय जात असे? या प्रश्नाचे उत्तर रिचर्ड ईटन या अमेरिकी इतिहासकाराने अंबरचे चरित्र लिहिताना दिले आहे. अबिसीनियाच्या दरबाराला आणि तेथील धनिकांना भारतीय कापडाची मोठी ओढ होती. त्या कापडाची किंमत चुकवण्यासाठी तेथून सोने, हस्तिदंत आणि माणसे बाहेर पडत. निजामशाहीचे चौल बंदर रेशमी आणि सुती कापडासाठी प्रसिद्ध होते. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरून अशा बंदरांत जाई, तेथून तांबड्या समुद्राकडे रवाना होई आणि परतीच्या गलबतांतून घोडे व हबशी येत. कंबाट्यातील चापू आणि दख्खनमधील कोष्टी यांची कधी गाठ पडली नसेल. तरीही एकाच्या मागावरील कापडाने दुसऱ्याचे आयुष्य बदलले.

इमॅन्युएल वॉलरस्टाइन या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये आपल्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि जागतिक व्यवस्थेचा सिद्धान्त मांडला. कोणत्याही देशाचा इतिहास त्या देशाच्या सीमेत बसून कळत नाही. श्रमाची आणि नफ्याची वाटणी साऱ्या व्यवस्थेत मिळून होते. काही प्रदेश केंद्रस्थानी असतात, काही परिघावर असतात, काही मधल्या पायरीवर. परिघाकडून स्वस्त माल आणि स्वस्त श्रम केंद्राकडे वाहतात. असे त्या मांडणीचे सार सांगता येईल. सोळाव्या शतकात पश्चिम युरोपाला केंद्र करून ही व्यवस्था आकाराला आली आणि हिंदुस्थान अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्या बाहेर राहिला, असे वॉलरस्टाइनचे मत होते. जॅनेट अबू-लुघोद यांनी १९८९ मध्ये, तर आंद्रे गुंडर फ्रँक यांनी १९९८ मध्ये त्याला आक्षेप घेतला. युरोपाच्या उदयाआधीही आशियाला सामावणाऱ्या जागतिक व्यवस्था होत्या, असे दोघांनी वेगवेगळ्या अंगांनी दाखवले. अंबरच्या आयुष्याचा हिशेब या आक्षेपाच्या बाजूने पडतो. त्याला विकणाऱ्या आणि घेणाऱ्या साखळीत लिस्बन नव्हते, लंडन नव्हते. मोचा होते, बगदाद होते, अहमदनगर होते. त्या साखळीत कापड विणणारी आणि माणसे विकत घेणारी दख्खन केंद्राच्या जवळ होती आणि कंबाटा परिघावर.

जुन्नरच्या बाबतीत हे नवीनही नव्हते. या परिसरातील दोनशेहून अधिक लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत, तर नाणेघाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण सातवाहन काळापासून बसून आहे.

इ. स. १५७५ च्या आसपास चंगीझखान दरबारी कारस्थानाला बळी पडला. सुलतानाने त्याला विषप्रयोग करविला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. येथून पुढची वीस वर्षे अंबरने भाड्याचा शिपाई म्हणून काढली. काही काळ तो विजापूरच्या आदिलशाहीच्या चाकरीत होता आणि मलिक हा किताब त्याला तेथेच मिळाला. १५९५ मध्ये तो निजामशाहीत परतला तेव्हा त्याच्या हाताखाली दीडशे स्वार होते. वय सत्तेचाळीसच्या घरात. त्या काळच्या आयुर्मानाने पाहता उमेद सरलेला माणूस. त्याची खरी कारकीर्द मात्र यानंतर सुरू झाली.

निजामशाही तेव्हा मोडकळीस आली होती. गादीसाठी तंटे चालू होते. बहादूर निजामशाह हा लहानगा वारस काही काळ जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कैदेत होता. चांदबिबीने त्याच्या नावाने अहमदनगरचा किल्ला लढवला. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली, किल्ला मोगलांच्या हाती पडला, बहादूरशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. पुढच्याच वर्षी असीरगड घेऊन अकबराने खानदेश गिळला. गुजरात त्याने १५७३ पर्यंत आधीच जिंकले होते आणि सुरत बंदर मोगलांचे झाले होते. अमेरिकेतील खाणींतून निघालेली चांदी युरोप आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने हिंदुस्थानात येत होती. तिचा मोठा ओघ सुरतेत उतरे आणि टांकसाळीतून मोगली रुपया होऊन बाहेर पडे. त्या रुपयावर पोसलेल्या फौजा आता नर्मदा ओलांडून आल्या होत्या. पश्चिमेला चौलच्या खालच्या गावात पोर्तुगीज ठाण मांडून होते, त्यांनी १५९४ मध्ये कोर्लईही घेतली होती आणि त्यांच्या परवान्याशिवाय गलबत हाकारणे धोक्याचे झाले होते. जमिनीवरून एक सत्ता आणि समुद्रावरून दुसरी, अशा दोन पात्यांत निजामशाही सापडली होती.

राजधानी गेली, राजा गेला. राज्य मात्र गेले नाही, असे ठरवणारे जे थोडे लोक होते त्यांत अंबर होता. त्याने विजापूरच्या मुलुखात राहणारा निजामशाही घराण्यातील एक तरुण शोधून काढला, आपली मुलगी त्याला दिली आणि परांडा येथे त्याला दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवले. स्वतः वकील व पेशवा झाला. मियान राजू दखनी हा प्रतिस्पर्धी सरदार काही वर्षे त्याच्या तोडीस तोड होता. १६०७ च्या सुमारास राजूचा पाडाव झाला आणि त्याच सुमारास सुलतानाची गादी जुन्नरला आली.

जुन्नरची निवड भावनेने झाली असेही म्हणता येईल, कारण निजामशाहीचा जन्मच येथला. मलिक अहमदने येथूनच बहमनी सत्ता झुगारली, १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि चार वर्षांनी त्याने अहमदनगर वसवले. परंतु अंबर हा भावनेवर चालणारा माणूस नव्हता. त्याने पाहिला तो मुलूख. शिवनेरी शहराच्या डोक्यावर उभी. पश्चिमेकडे चावंड, हडसर, जीवधन असे एकामागून एक किल्ले. जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर नाणेघाट आणि तो उतरले की कल्याणची वाट. दक्षिणेला घोड नदीचे खोरे, म्हणजे आजचा आंबेगाव तालुका. घोडेगाव-मंचरची पिकाऊ जमीन खाली आणि भीमाशंकरचे रान वर. तेथूनही आहुप्याच्या घाटाने कोकणात उतरता येते. मोगलांचे अवजड तोफखाने आणि हत्ती बुऱ्हाणपूर-अहमदनगरच्या सपाटीवर दरारा उत्पन्न करीत. मावळच्या पावसात आणि चिखलात ते निरुपयोगी होते. घोडा मात्र येथे चाले आणि घोडा येणार तो कोकणातील बंदरांतून. मोगलांपासून दूर आणि समुद्राला जवळ, अशी दुसरी जागा निजामशाहीत नव्हती. मूळ आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, जुन्या वाटाही गाड्यांच्या रस्त्यांनी मागे सारल्या. तरीही आषाढात नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहणाऱ्याला अंबरचे गणित सांगावे लागत नाही.

याच सुमाराची एक नोंद विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने केली आहे. तिच्यानुसार अंबरच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दखनी होते. फिंच सुरतेत बसून ऐकीव माहिती लिहीत होता, तेव्हा आकडे काटेकोर मानू नयेत. परंतु प्रमाण बोलके आहे. बाहेरून आलेला एक, तर येथला चार. दीडशे स्वारांचा नाईक पंधरा वर्षांत पन्नास हजारांचा सेनापती झाला तो या चारांच्या बळावर. त्यांत मराठे स्वार मोठ्या संख्येने होते. हलके घोडे, थोडे सामान, रसद तोडणे, रात्री छापे घालणे, शत्रूला घाटांत ओढून थकवणे, या पद्धतीला मोगल बखरकार बर्गीगिरी म्हणतात. ती अंबरने शोधली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. डोंगरी मुलखातील माणसे आधीपासून तशीच लढत असावीत. त्यांना एका शिस्तीत बांधून साम्राज्याविरुद्ध वर्षानुवर्षे वापरण्याचे श्रेय त्याचेच. भोसले घराण्यातील मालोजीराजे व विठोजीराजे निजामशाहीचे सरदार होते. शहाजीराजे याच फौजेत लढाई शिकले.

१६१० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांकडून परत घेतला गेला. आग्र्याहून पाठवलेले सेनापती एकामागून एक हात हलवीत परतू लागले. त्यांत अब्दुल रहीम खानखानान हाही होता, दोह्यांमुळे साऱ्या हिंदुस्थानाला माहीत असलेला कवी रहीम तो हाच. १६११ नंतर गुजरातेतून नाशिकच्या वाटेने आलेल्या अब्दुल्लाखानाच्या फौजेची तर अंबरच्या स्वारांनी अशी दाणादाण उडवली, की बागलाणमार्गे गुजरात गाठेपर्यंत तिला उसंत मिळाली नाही.

यश पदरी पडत असतानाच घरात मात्र वेगळे शिजत होते. व्हान डेन ब्रूकने दिलेल्या हकिकतीनुसार, मुर्तझाच्या थोरल्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि तिच्या बापाविषयीही अपशब्द काढले. मुलीने बापाला कळवले. थोड्याच दिवसांत सुलतान आणि ती राणी दोघेही विषप्रयोगाने मेले. मुर्तझाच्या लहान मुलाला अंबरने गादीवर बसवले आणि राजधानी जुन्नरहून दौलताबादेकडे हलली. जवळच खडकीची वस्ती उभी राहिली. अंबरच्या चाहत्यांना ही हकिकत अडचणीची वाटते आणि ती सांगितलीच पाहिजे. ज्याला त्याने स्वतः राजा केले, जो त्याचा जावई होता, त्याला त्याने मारले. ऐंशी गिल्डरांची ती पावती राजवाड्यापर्यंत त्याच्या मागोमाग आली होती. राज्य त्याच्या हाती होते, लष्कर त्याचे होते, तरी तो स्वतः गादीवर बसला नाही आणि बसू शकलाही नसता. गादीला रक्त लागत होते आणि त्याचे रक्त बाजारातून आले होते. सत्तेच्या शिखरावर असतानाही त्याला एका मुलाच्या नावाने हुकूम काढावे लागले ते याचसाठी.

१६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबरचा मोठा पराभव झाला. काही मराठा सरदार आधीच मोगलांना मिळाले होते. खडकी जाळली गेली. त्याच सुमारास जहांगीरच्या दरबारी चित्रकाराने, अबुल हसनने, एक चित्र काढले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचे छाटलेले मुंडके आहे आणि जहांगीर त्याला बाण मारतो आहे. बादशाह उभा आहे तो पृथ्वीच्या गोलावर. हे गोल युरोपीय पाहुण्यांकडून मोगल दरबारात आले होते. जगाच्या गोलावर उभ्या असलेल्या बादशाहाला आपला सर्वांत मोठा शत्रू म्हणून कंबाट्याचा एक विकलेला मुलगा दिसावा, हे त्या जगाचे नेमके चित्र आहे. चित्रातील घटना प्रत्यक्षात कधीच घडली नाही. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात अंबरचा उल्लेख आला की शिवी घातल्याशिवाय पुढे जात नाही. अंबर त्याच्या हाती जिवंत लागला नाही, मेलेलाही लागला नाही.

पुढच्याच वर्षी शाहजादा खुर्रम दक्षिणेत आला. अंबरने अहमदनगर आणि बालाघाटचा मुलूख देऊन तह केला आणि खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला. त्याच १६१७ मध्ये व्हान डेन ब्रूक अंबरला भेटला. गुजरात किनाऱ्यावर डच जहाजे फुटली होती आणि तो आपल्या माणसांना घेऊन पायवाटेने मछलीपट्टणला निघाला होता. मोचा बंदर त्याने पाहिलेले होते. मोचात विकला गेलेला मुलगा आता दख्खनचा धनी होऊन त्याच्यासमोर बसला होता. डच कंपनी स्थापन होऊन अवघी पंधरा वर्षे झाली होती, इंग्रजांची सुरतेतील वखार चार वर्षांची होती. आशियाच्या जुन्या व्यापारी जगाचा माणूस आणि त्या जगाला हळूहळू वेढणाऱ्या कंपन्यांचा माणूस, दोघे त्या दिवशी एका छताखाली होते. त्या घडीला वाटाड्या आणि संरक्षण मागणारा डच होता, देणारा अंबर.

तह फार टिकला नाही. १६२० मध्ये अंबरच्या फौजा नर्मदेपलीकडे मांडूपर्यंत जाऊन आल्या. शाहजहान पुन्हा आला, खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली, पुन्हा तह झाला. मग शाहजहाननेच बापाविरुद्ध बंड केले. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही एकत्र आले, तेव्हा अहमदनगरजवळच्या भातवडी येथे शेवटची मोठी लढाई झाली. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. चिखलात रुतलेल्या त्या संयुक्त फौजेचा सडकून पराभव झाला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी या लढाईत कामी आले. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'ने या युद्धाचे वर्णन केले आहे. अंबर तेव्हा शहात्तर वर्षांचा होता.

लढाया अंबरच्या नावावर अधिक चमकतात, पण त्या लढण्यासाठी लागणारा पैसा त्याने कोठून आणला हे पाहणे अधिक उपयोगाचे. सुरतेची चांदी त्याच्याकडे नव्हती, बंदरांवर पोर्तुगीजांचा पहारा होता. उरली ती जमीन. त्याने तोडरमलाच्या पद्धतीचा अभ्यास करून जमिनीची प्रत ठरवली, मोजणी करवली, इजारदारांना बाजूला सारून गावाच्या पाटील-कुलकर्ण्यांकडून वसुली घेतली आणि मिरासदाराचा जमिनीवरील हक्क मान्य केला. आरंभी पिकाचा सुमारे दोन पंचमांश हिस्सा आणि नंतर त्याच्या बदल्यात रोख धारा, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. ज्याला स्वतःच्या गावातून उपटून नेले होते, त्याने दुसऱ्यांच्या गावांना बूड दिले. दरसाल मोगल स्वारी येत असताना या मुलखातील शेतकरी परागंदा न होता नांगर धरत राहिला असेल, तर त्याचे एक कारण हा धारा होय.

१४ मे १६२६ रोजी मलिक अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्या मृत्यूनंतर मोगलांच्याच इतिहासकाराने, मुतमदखानाने, त्याच्या पराक्रमाची आणि कारभाराची मोकळेपणाने तारीफ केली. धनी शिव्या देत असे त्या माणसाबद्दल चाकराने इतके लिहावे, हे थोडके नाही.

अंबरचा मुलगा फतेहखान बापाच्या जागी आला. त्याने आपल्या सुलतानाला मारले आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. हबशी शिपायाची मागणी दख्खनच्या भांडखोर दरबारांतून येत होती. ते दरबार एकेक करून बुडाले तशी ती मागणीही आटली. जंजिऱ्याचे सिद्दी तेवढे समुद्राच्या आधाराने टिकले. अंबरसारखा माणूस पुन्हा घडला नाही, कारण त्याला घडवणारा बाजारच उठला. फौजेतील ते बाकीचे चार हिस्से मात्र कोठे जाणार नव्हते. त्यांची घरे येथेच होती. शहाजीराजांनी जीवधनवर कैदेत असलेल्या निजामशाही वारसाला सोडवून पेमगिरीवर गादीवर बसवले आणि अंबरने तीस वर्षांपूर्वी केले तेच करून पाहिले. जुन्नर हाच पुन्हा आधार होता. १६३६ मध्ये माहुलीला वेढा पडला, तह झाला आणि जुन्नर, जीवधन, हडसर ही ठाणी मोगलांना द्यावी लागली. शिवनेरीवर जन्मलेला त्यांचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. एप्रिल १६५७ मध्ये त्याने रात्रीच्या अंधारात मोगलांच्या जुन्नरच्या तटाला दोरशिड्या लावल्या आणि तीन लाख होन व दोनशे घोडे नेले.

मलिक अंबरचा धारा त्याच्या राज्यापेक्षा अधिक टिकला. १८१८ मध्ये पेशवाई संपून इंग्रज अंमल आला, तेव्हा पुणे आणि नगर भागातील नव्या साहेबांनी गावोगावची दप्तरे उलगडायला घेतली. जमिनीच्या जुन्या आकारणीचा मूळ आधार विचारला की पाटील-कुलकर्ण्यांकडून पुन्हा पुन्हा मलिक अंबराच्या तनख्याचा हवाला दिला जाई. त्याला वारून तेव्हा जवळपास दोनशे वर्षे होत आली होती.